पळसगव्हाणचं आळं

सरकारी कागदावर खाडाखोड करायची नसते, हे कमरूचाचा अठराव्या वर्षी शिकले. त्या शिकण्याची शिक्षा त्यांना एकसष्टाव्या वर्षी मिळाली.

कमरोद्दीन हे त्यांचं पूर्ण नाव. राहायला चेलीपुऱ्यात, नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत. मोजणीदार नव्हे. मोजणीदार कागदावर आकडे लिहितो, आणि त्याच्यापुढे तेहतीस फुटांच्या लोखंडी साखळीचं टोक धरून काट्याकुट्यातून, चिखलातून जो चालत जातो, तो माणूस म्हणजे चाचा. बेचाळीस वर्षं त्यांनी साखळी धरली. माझे वडील त्याच कचेरीत नकला करणारे कारकून. चाचांना मराठी वाचता यायचं, पण अर्जाची मराठी जमायची नाही, म्हणून त्यांचे सगळे अर्ज पुंडलिकनगरच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर लिहिले गेले. त्यामुळे पुढची हकिकत ऐकीव असली तरी तिच्यातला एकूण एक कागद मी पाहिलेला आहे.

निजामाच्या राज्यात, चव्वेचाळीस साली ते कामाला लागले. तिथल्या म्हाताऱ्या मोजणीदारानं पहिल्याच आठवड्यात त्यांना टिपण दाखवलं. टिपण म्हणजे शेताच्या बांधावर उभं राहून काढलेला कच्चा नकाशा. पुढचे सगळे पक्के नकाशे त्याच्या भरवशावर निघतात. आकडा चुकला तर खोडायचा नाही, त्याच्याभोवती गोल करायचा, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, खाली सही करायची. खोडलेला आकडा म्हणजे कुणाची तरी जमीन पळवली, असं तो म्हातारा म्हणायचा. चाचांनी हे कुराणाच्या ओळीसारखं मनात ठेवलं.

चार वर्षांनी पोलीस ॲक्शन झाली. कचेरी काही महिने बंद राहिली. उघडली तेव्हा उर्दूत लिहिणारी बरीचशी माणसं गेलेली होती, कुणी हैदराबादला, कुणी सरहद्दीपार, कुणी नुसतं घरात. तो म्हातारा मोजणीदारही परत आला नाही. साखळी धरणाऱ्याला मात्र कुणी काढलं नाही. लोखंडाला कुठली आली भाषा. नव्या नकाशांवरची गावांची नावं वाचत वाचत चाचा मराठी अक्षरं शिकले.

चोपन्न सालच्या हिवाळ्यात ते पळसगव्हाणला गेले. हे गाव वाळूजच्या पुढे, तेव्हा रस्ता नव्हता, वाळूजला कारखानेही नव्हते. सर्व्हे नंबर एक्केचाळीसची मोजणी होती. शेतात शाळू ज्वारी दाण्यावर आलेली. चाचा साखळीचं टोक घेऊन ज्वारीत शिरले. कणसं छातीला लागत होती. मग एकाएकी दहा-बारा पावलं कणसं डोक्याच्या वर गेली, ताटं हिरवीगार, पायाखाली ओल. त्यापुढे जमीन चढली, माती पांढरी झाली आणि ज्वारी कमरेपर्यंतच, वाळून पिवळी. पलीकडे पुन्हा छातीएवढी. शेताच्या दुसऱ्या टोकाला हाच प्रकार उलट क्रमानं झाला. संध्याकाळी मोजणी आटोपल्यावर ते त्या उंच ज्वारीच्या कडेकडेनं चालू लागले. शेतकऱ्याचा बांध सरळ जातो, ओढा वाकडातिकडा जातो. ही रेघ वळत होती, एकसारखी, बैलानं घाण्याभोवती फिरावं तशी, आणि अर्ध्या तासानं त्यांना त्यांच्याच चपलेच्या ठशांपाशी आणून सोडून गेली.

सोंगणीला आलेल्या बायांनी त्यांना हसून सांगितलं की ते गवळ्याचं आळं आहे. झाडाभोवती पाणी धरायला आपण मातीचं गोल आळं करतो ना, तसं. कुणा गवळी राजानं फार पूर्वी गुरं कोंडायला केलं. बांध उरलाय, भोवतालचा खंदक बुजलाय, आणि बुजलेल्या खंदकात ओल टिकते म्हणून तिथली ज्वारी माजते. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

पुढची तीस वर्षं चाचा विचारत राहिले. कामाच्या निमित्तानं ज्या गावी जात तिथल्या सोंगणाऱ्या बायांना ते एकच प्रश्न करायचे, ‘तुमच्या विळ्याला ज्वारी गोलात उंच कुठं लागते?’ कुणी हसायच्या, कुणी बोट दाखवायच्या. मग रविवारी ते स्वतःचा दोर घेऊन तिथं परत जायचे. कचेरीची साखळी खासगी कामाला नेणं त्यांना पटायचं नाही, म्हणून त्यांनी तेहतीस फुटांचा सुती दोर गाठी मारून घरीच केला होता. मध्यावर खुंटी, खुंटीपासून सोळा दिशांना दोर, प्रत्येक दिशेला बांध किती अंतरावर, किती उंच, तोंड कोणत्या बाजूला. खापराचा तुकडा दिसला तर त्याचं वर्णन लिहून तो होता तिथं परत ठेवायचा. एका आळ्याला वहीचं एक पान. त्यांची बायको हसीना शेजारणींना सांगायची, ‘लोगां इतवार को ससुराल जाते, हमारे मियाँ आळे को जाते.’

अशी तेवीस पानं झाली. त्यात सर्वांत मोठं, सर्वांत धड उरलेलं आळं पळसगव्हाणचं. आरपार अकरा साखळ्या, बांध पुरुषाच्या खांद्याएवढा. गावातले लोक दर उन्हाळ्यात त्या बांधाची पांढरी माती पाट्या भरभरून माळवदावर, घराच्या सपाट धाब्यावर, पसरायला नेत. ती माती पाऊस धरून ठेवते, घर गळू देत नाही. कित्येक पिढ्या नेत होते, तरी बांध उभा होता. पाटीनं किती जाणार?

त्र्याहत्तर साली जुन्या वस्तूंचा शोध घेणारं एक पथक जिल्ह्यात आलं. त्यांनी मोजणीच्या कचेरीला छापील तक्ते पाठवले: कुणाला जुनी टेकाडं, बांध, अवशेष ठाऊक असतील तर कळवावे. अख्ख्या कचेरीत तक्ता भरून दिला तो एकट्या साखळी धरणाऱ्यानं. पथकातल्या एका जाणत्या माणसानं पळसगव्हाणला येऊन आळं पाहिलं, खापरं हातात फिरवली, आणि हे तीन हजार वर्षांपूर्वीचं असावं, असं म्हणाला. गवळी राजा वगैरे नाही, राजे यायच्याही आधीचं. चाचा त्या दिवशी गावापासून सडकेपर्यंत चालत आले आणि बस सोडून शहराच्या निम्म्या वाटेपर्यंत चालतच राहिले.

त्या तक्त्यात एक रकाना होता. ‘सर्व्हे नं. / गट नं.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘लागू नसेल ते खोडावे’.

याच सुमारास गावोगाव जमिनींचं एकत्रीकरण होऊन गेलं होतं. विखुरलेले तुकडे जोडून गट पाडले होते, गटांना नवे नंबर दिले होते. पळसगव्हाणचा जुना सर्व्हे नंबर एक्केचाळीस आता गट नंबर अठ्ठ्याऐंशी झाला होता. आणि नवा गट नंबर एक्केचाळीस होता ओढ्यापलीकडचा, दीड मैलावरचा, काळ्या मातीचा एक सपाट तुकडा. चाचांची वही जुन्या नंबरांवर चालायची. त्यांनी लिहिलं, एक्केचाळीस. ‘गट’ हा शब्द मात्र खोडला नाही. सरकारी कागदावरचा छापील शब्द आपल्या हातानं खोडायचा, हे त्यांच्या हातून झालंच नाही. हातात पेन घेऊन बसलो होतो, असं ते नंतर वडिलांना म्हणाले, पण हात उचलेना.

त्यांनी वहीतला नकाशाही जोडला होता. त्यावर ओढा होता, गाव होतं, दिशा होती. कुणीही तो नकाशा अर्धं मिनिट पाहिला असता तर आळं ओढ्याच्या कोणत्या बाजूला आहे हे कळलं असतं. ते अर्धं मिनिट पुढच्या चौदा वर्षांत, ज्या पुरातत्त्व कार्यालयात या तक्त्यांवरून यादी झाली तिथं, कुणालाही मिळालं नाही.

अकरा वर्षांनी, चौऱ्याऐंशी साली, चेलीपुऱ्याच्या घराच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. नऊवारी, पायात टायरच्या चपला, हातात पिशवी.

‘तुम्हीच का ते गोल गोल मोजणारे?’

‘व्हय. या, बसा.’

‘बसायला नाय आले. माझ्या वावरात तुमचं जे काय गाडलंय, ते काढून न्या.’

ती मनकर्णाबाई. गट नंबर एक्केचाळीस तिचा. नवरा चिकलठाण्याला एका कारखान्यात रखवालदार, आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचा; शेत ती एकटी बघायची. पाणाड्यानं बाभळीजवळ जागा दाखवली होती, विहिरीची तयारी झाली होती, आणि एका सकाळी जीपमधून माणसं येऊन तिच्या शेतात लोखंडी पाटी रोवून गेली. येथील प्राचीन अवशेष संरक्षित आहेत, खोदकाम केल्यास शिक्षा होईल. तलाठ्यानं विहिरीचा कागद परत केला. कुणाचं हे काम म्हणून विचारत विचारत ती शहरात पोचली होती, आणि यादीच्या तळाशी माहिती देणारा म्हणून जे एकमेव नाव होतं ते कुणा साहेबाचं नव्हतं, चाचांचं होतं.

चाचा दुसऱ्या दिवशी पळसगव्हाणला गेले. पाटी पाहिली. भोवती तळहातासारखी सपाट जमीन. पाटीवर गट क्रमांक पांढऱ्या रंगात, सुबक अक्षरात. त्यांना सगळं तिथंच उमगलं. मनकर्णाबाईनं त्यांना पाण्याचा तांब्या दिला आणि तो पिऊन होईपर्यंत थांबून मग म्हणाली, ‘चाचा, हितं तीन हजार वर्षाचं काय आहे? दगड? मी तर हितं पंधरा वर्षं नांगरतेय, मला साधी बांगडी गावली नाय.’

त्यांनी चूक कबूल केली. एक शब्द खोडायचा राहिला, असं सांगितलं.  ती म्हणाली की तिच्या सासऱ्यानं एकदा लग्नाची तारीख चुकीची सांगितली होती, पण वऱ्हाड परत गेलं होतं, तीन महिने मांडवात बसलं नव्हतं.

तीन महिने कुठले, तीन वर्षं गेली.

पहिला अर्ज वडिलांनी एका पानात लिहिला. यादीतल्या एका नोंदीत ‘गट ४१’च्या जागी ‘गट ८८’ असे वाचावे, सोबत दोन्ही नंबरांचा उतारा. एका ओळीची दुरुस्ती. उत्तर आलं की नंबरांचा विषय मोजणी कार्यालयाचा आहे. मोजणी कार्यालयानं कळवलं की यादी त्यांची नाही. तिसऱ्या अर्जावर, अर्जदाराचा सदर जमिनीशी संबंध काय, अशी विचारणा झाली. चौथ्याला उत्तरच नाही. पाचव्याला पहिल्याचंच उत्तर, फक्त तारीख नवी. सहाव्या अर्जाच्या वेळी चाचा स्वतः वही घेऊन गेले. टेबलामागच्या माणसानं वही उघडली, उर्दू अक्षरं पाहिली आणि ती बोटानं परत सरकवली. हे आम्हाला वाचता येत नाही, म्हणाला. चाचा म्हणाले, आकडे तर वाचता येतील, चित्र तर दिसेल. तो म्हणाला, मराठीत आणा. चाचांनी तेवीस पानं मराठीत उतरवली, चार महिने लागले. तोवर तो माणूस बदलून गेला होता; नव्यानं पानं नुसती ठेवून घेतली.

वडील शांत माणूस. पण सातवा अर्ज लिहिताना त्यांनी टाक टेबलावर इतक्या जोरात ठेवला की शाईचा डाग अजून त्या लाकडावर आहे.

सत्त्याऐंशी सालच्या हिवाळ्यात नवे साहेब आले. तरुण, इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. त्यांनी चाचांना खुर्ची दिली. त्यांनी फाईल वाचली होती, आणि त्यामुळेच, वाचून जे केलं त्याचा जास्त राग येतो.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. गट एक्केचाळीसमध्ये काही नाही, हे तर खरं? मग तसा पंचनामा करू, यादी देणारे म्हणून तुम्ही सही करा, नोंद बंद, पाटी निघेल, बाई विहीर खोदेल. चाचांनी विचारलं, आणि अठ्ठ्याऐंशी? साहेब म्हणाले, तो नवा प्रस्ताव होईल. नवे प्रस्ताव सध्या बंद आहेत.

यातली खोच चाचांना लगेच दिसली. वाळूजला तोवर कारखान्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या, रस्ते होत होते, भरावाला माती हवी होती. गट अठ्ठ्याऐंशीचे मालक नानासाहेब यांनी बांधाची माती द्यायचं एका कंत्राटदाराशी ठरवलं होतं. पण पळसगव्हाणचं नाव यादीत होतं, आणि गाव यादीत असेतोवर तिथल्या माती उचलायच्या परवान्याला त्या कार्यालयाची ना-हरकत लागत होती. म्हणून परवाना तीन वर्षं अडकला होता. चुकीच्या शेतातली पाटी खऱ्या आळ्याला राखत होती, आणि मनकर्णाबाईला वाळवत होती. नोंद बंद झाली की विहीर मोकळी, आणि आळंही मोकळं, डंपरांना.

एक ओळ दुरुस्त केली असती तर दोन्ही वाचलं असतं. पाणीही, आळंही. ते करायला कुणाच्या खिशातून काही जाणार नव्हतं. पण दुरुस्तीला रकाना नव्हता, बंद करायला होता. आणि मग एका निवृत्त साखळीवाल्याला आणि एका शेतकरी बाईला समोरासमोर उभं करून, तुमच्यात कोण मरणार ते तुम्हीच ठरवा, असं सांगण्यात आलं, खुर्ची देऊन, गोड बोलून.

पंचनाम्याच्या दिवशी साहेब शेतात आले. कागद टाइप करूनच आणला होता. मनकर्णाबाई बांधावर उभी होती. चाचांनी तिला आदल्या आठवड्यातच सगळं सांगितलं होतं, काही लपवलं नव्हतं.

चाचांनी कागद वाचला, आणि पेन हातात घेऊन थांबले. ते थांबलेले पाहून तीच पुढे आली.

‘चाचा, नसंल सही करायची तर नका करू. मी आणखी एक साल काढते.’

‘कसं काढशील?’

‘कसं म्हणजे? तीन काढली तशीच. हंडा काय माझ्या डोक्याला नवा हाय?’ आणि साहेबांकडे न बघता, पण त्यांना ऐकू जाईल असं, ‘तुमचं आळं तीन हजार वर्षं थांबलंय म्हणता. माझं एक साल त्याच्यात कुठं दिसणार.’

साहेब हसले. चाचा हसले नाहीत. ‘तुझं साल मोजायला मी कोण?’ एवढं म्हणून त्यांनी सही केली. कागदातलं वाक्य खरं होतं, गट एक्केचाळीसमध्ये कोणतेही अवशेष नाहीत. खऱ्या वाक्याखाली सही करताना आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली, असं ते वडिलांना म्हणाले.

पाटी उपटली. उपटणारा शिपाई ती जीपमध्ये चढवू लागला तेव्हा साहेबांनी अडवलं. काढायचा आदेश आहे, न्यायचा नाही. नेण्याचा आदेश निघेपर्यंत पाटी इथंच राहील. जीप गेली. पाटी मनकर्णाबाईच्या बांधावर आडवी पडून राहिली.

परवाना सहा दिवसांत निघाला. ज्या टेबलावर एक ओळ तीन वर्षं हलली नव्हती, त्या टेबलावरून. सातव्या दिवशी मशीन आलं आणि उत्तरेकडून बांध कापायला लागलं. नानासाहेब वाईट माणूस नव्हते. ते चाचांना म्हणाले की कमरूभाई, माती आहे, मातीच चालली आहे. डोक्यावरच्या पाट्यांनी जितकं कित्येक पिढ्यांत गेलं नव्हतं, तितकं दोन दिवसांत गेलं. चाचा बाजूला उभे राहून बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ओढा ओलांडून मनकर्णाबाईकडे गेले आणि तिला बैलगाडी मागितली.

तिनं कशाला म्हणून विचारलं नाही. पाटीकडे पाहिलं आणि बैल जुंपायला घेतले. पाटी जड होती. दोघांनी मिळून ती गाडीत ओढली. चाचांनी सांगितलं की विचारणा झाली तर तू यात नव्हतीस.

‘बरं. मग बैलांनाबी सांगून ठेवा,’ ती म्हणाली, ‘त्ये लबाड बोलत नाय.’

आळ्याच्या मधोमध, जिथं चाचांनी चोपन्न साली पहिली खुंटी ठोकली असेल त्याच्या आसपास, त्यांनी खड्डा घेऊन पाटी उभी केली. गट क्रमांकावर काहीही केलं नाही. तो एक्केचाळीसच राहिला. पण ड्रायव्हर लोक आकडा वाचत नाहीत. त्यांनी ‘शिक्षा’ हा शब्द वाचला, मशीन बंद केलं आणि कंत्राटदाराला कळवायला गेले.

पाटी उभी केल्याच्या चौथ्या दिवशी कार्यालय आलं. एका ओळीसाठी तीन वर्षं, पाटीसाठी चार दिवस. साहेब आले, सोबत पोलीस आला, आणि संध्याकाळी चेलीपुऱ्यात नोटीस पोचली. ती नोटीस वडिलांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवली होती. शासकीय मालमत्तेची विनापरवाना हलवाहलव करून ती मौजे पळसगव्हाण येथील गट नंबर अठ्ठ्याऐंशीमध्ये बेकायदा उभारल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये.

गट नंबर अठ्ठ्याऐंशी. सात अर्जांच्या उत्तरांत जो नंबर कुणी लिहिला नव्हता, तो तिथं ठळक टाइपात, शिक्क्यासकट, पहिल्याच प्रयत्नात बरोबर आला होता. हसीनाचाची नोटीस ऐकून रडायला लागल्या. चाचांनी ती मागून घेतली आणि तो आकडा दोनदा वाचला.

तडजोडीचा निरोप आला. चुकीच्या जागी पाटी लावल्याबद्दल लेखी माफी मागा, म्हातारे आहात, प्रकरण मिटवू. चाचांनी उत्तर लिहायला वडिलांनाही बोलावलं नाही. स्वतःच्या मोडक्या मराठीत त्यांनी लिहिलं: ‘पाटी मी लावली. कबूल. जागा चूक नाही. जागा तीच आहे. माफी लिहिणार नाही.’

मग कारवाईला नकाशा लागला. गुन्ह्याची जागा कुठं, पाटी नेमकी कुठं, गटाच्या हद्दीपासून किती अंतरावर, हे दाखवणारा पक्का नकाशा. मोजणीच्या कचेरीनं सांडू नावाचा तरुण मोजणीदार पाठवला. तो दोन वर्षांमागे नोकरीला लागला होता, चाचांना तोंडओळखीनं ओळखत होता. जागा दाखवायला चाचांनाही बोलावलं होतं; साखळी धरायला मात्र माणूस मिळाला नव्हता. त्या दिवशी त्या कचेरीत साखळी धरणारा एकही नव्हता. सांडू पाटीपाशी तिपाईवर नकाशा काढायचा फळा मांडून उभा राहिला आणि कसनुसा होऊन म्हणाला, ‘चाचा, तुम्ही आरोपी आहात. तुम्हाला कसं सांगू?’

‘टोक दे इकडं,’ चाचा म्हणाले.

सांडूच्या हिशोबानं तासाभराचं काम होतं: पाटीचा बिंदू, हद्दीच्या चार खुणा. चाचांनी त्याला विचारलं की गुन्ह्याच्या जागेभोवती जे जे आहे ते नकाशात दाखवायचं असतं की नाही. असतं, सांडू म्हणाला. मग दाखव. आणि ते पाटीपासून सरळ बांधाकडे चालत गेले, साखळी ताणून धरली, आकडा ओरडून सांगितला. परत आले, पुढच्या दिशेला गेले. सोळा दिशा. उत्तरेला जिथं मशीननं कापलं होतं तिथं थांबून त्यांनी कापलेल्या दोन्ही टोकांचं अंतर घ्यायला लावलं, ‘खोदाई’ असं लिहायला लावलं. खंदकाची आतली कड, बाहेरची कड. बांधाची उंची, आठ ठिकाणी. पूर्वेचं तोंड. एका दिशेला सांडू म्हणाला की ही असूदे चाचा, अंदाजानं टाकतो. चाचा साखळीचं टोक हातात धरून बांधावर तसेच उभे राहिले, सांडू आकडा घेईपर्यंत. दुपारी मनकर्णाबाई भाकरी घेऊन आली. आरोपीनं, मोजणीदारानं आणि जिचं नाव कागदावर नव्हतं तिनं, तिघांनी पाटीच्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. तिच्या विहिरीला तोवर पाच हातांवर खडक लागला होता. खडक लागला म्हणजे चांगलं, ती म्हणाली, खाली पाणी असतं.

दिवस कलताना काम संपलं. परीघ साडेचौतीस साखळ्या. सांडूनं खाली सही केली, तारीख घातली, आणि मग रीतीप्रमाणे नकाशाला नाव द्यायचं म्हणून वर लिहिलं, ‘गुन्ह्याच्या जागेचा नकाशा, गट नं. ८८’.

पाटी दोन आठवड्यांनी नेली. तिला न्यायचा आदेश तेव्हा लगेच निघाला. त्यानंतर मशीननं उरलेला बांध एकवीस दिवसांत संपवला. आज तिथून रस्ता जातो. चाचांवरचं प्रकरण तारखांवर तारखा पडत सहा वर्षं चाललं आणि ते गेले तेव्हा निकाल लागलेला नव्हता.

मनकर्णाबाईच्या विहिरीला पाणी लागलं, ते मी पाहून आले आहे.

गेल्या वर्षी मी त्या नकाशाच्या नकलेसाठी अर्ज केला. तीन हजार वर्षांच्या त्या बांधाचा सरकारी शिक्क्याचा तेवढा एकच नकाशा आहे. बाकी बावीस पानांचं काय झालं हेही मी विचारलं होतं. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला. प्रकरणाचा निकाल लागलेला नाही, म्हणून नक्कल देता येत नाही, असं त्या म्हणाल्या. आरोपी वारले, मी सांगितलं. मग तसा दाखला जोडा, त्या म्हणाल्या, आणि अर्जदाराचा सदर जमिनीशी संबंध काय, ते या रकान्यात भरा.

मी रकाना भरला. अजून उत्तर आलेलं नाही.